गाण्यातला शब्द कोशात सापडत नाही तेव्हा

कॅरिबियन बेटांवरचं एक नाचाचं गाणं मी कित्येक महिने चुकीचं ऐकत होते. त्यात 'वाइन' हा शब्द सारखा यायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर दारूचा पेला उभा राहायचा. एकदा ओळ नीट कानावर पडली. गायक समोरच्या बाईला सावकाश 'वाइन' करायला सांगत होता. दारू कुणी 'करत' नाही, तेव्हा काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. कोशात पाहिलं तर तिथे द्राक्षांचा आंबवलेला रस. पुढे उलगडा झाला की मुळात हा शब्द 'वाइंड', म्हणजे पिळणं, वळसे घेणं. तिकडच्या बोलीत शेवटचा 'ड' गळतो आणि उरतो तो 'वाइन': कंबर घोळवत नाचणं. सोका आणि डान्सहॉल या संगीतप्रकारांत या क्रियापदावाचून पान हलत नाही.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. शब्दाचा अर्थ विचारायच्या आधी त्याचे वापर गोळा करायचे. कोण म्हणतंय, कुणाला, कुठल्या सुरात, शब्द वाक्यात कुठल्या जागी बसलाय. एवढं हाताशी असलं की अर्थ बऱ्याचदा आपण होऊन पुढे येतो. खालच्या पायऱ्या याच शिस्तीच्या आहेत. गाणं इंग्रजी असो, पंजाबी असो की स्पॅनिश, रीत तीच.

कोशात का नसतो?

कोशकार झोपलेले नसतात. एखादा शब्द वेगवेगळ्या लोकांनी, काही वर्षं, सातत्याने वापरल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय ते त्याला आत घेत नाहीत. अमेरिकी रॅपर एमिनेमच्या 2000 सालच्या गाण्यातला वेडा चाहता 'स्टॅन' घ्या. त्याचं नाव 'झपाटलेला चाहता' या अर्थाने सामान्यनाम झालं, पुढे क्रियापदही झालं, पण मेरियम-वेबस्टर कोशात ते शिरलं 2019 मध्ये. मधली 19 वर्षं ज्याला गाणं समजून घ्यायचं होतं त्याला दुसरा रस्ता शोधावा लागला.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. कोश छापील मजकुरावर पोसले गेले, आणि ज्यांची बोली छापली जात नव्हती त्यांचे शब्द बाहेर राहिले. म्हणून जॅझच्या जगात वादकांनाच कोश करावा लागला: कॅब कॅलोवे या गायकाने 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या संगीतकारांच्या शब्दांची पुस्तिका काढली. आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाची घोषणा व्हायला 2022 साल उजाडलं. तेव्हा शब्द कोशात नाही म्हणून तो अशुद्ध किंवा अर्थहीन आहे, असं कुणी सांगितलं तर मुळीच मानू नका.

पहिली पायरी: नेमकं काय म्हटलंय ते ठरवा

निम्मे गोंधळ इथेच मिटतात. ऐकू आलेला शब्द आणि म्हटलेला शब्द वेगळे असू शकतात. या घोटाळ्याला इंग्रजीत 'मॉन्डग्रीन' म्हणतात. सिल्विया राइट या लेखिकेने 1954 मध्ये हे नाव दिलं. लहानपणी ऐकलेल्या एका पोवाड्यासारख्या जुन्या गीतात सरदाराला मारून 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे 'हिरवळीवर ठेवलं', अशी ओळ होती. तिला ऐकू आली ती सरदाराबरोबर मारली गेलेली 'लेडी मॉन्डग्रीन'.

इंटरनेटवर मिळणारे गाण्याचे बोल बहुतेक वेळा कुणीतरी ऐकून उतरवलेले असतात आणि दहा ठिकाणी तेच बोल दिसले तरी ते एकमेकांवरून उचललेले असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून दहा प्रती म्हणजे दहा पुरावे धरू नका. गाणं पाऊण वेगाने, हेडफोन लावून ऐका. प्रत्यक्ष मैफिलीचं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेही ऐका, कारण तिथे कधी कधी वाद्यं बाजूला पडून शब्द मोकळा ऐकू येतो. गाण्याची रेडिओसाठी केलेली 'स्वच्छ' आवृत्ती असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. जो शब्द पुसला किंवा बदलला, तो बहुधा शिवी, नशा, हत्यार किंवा शरीरसंबंध यांपैकी कशाशी तरी जोडलेला आहे, हा धागा फुकट हाती लागतो.

ऐकलेलं देवनागरीत लिहून काढा. ही आपली मोठीच सोय आहे. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं, देवनागरी तो समोर मांडते. 'वागवान' असं लिहून दोनदा मोठ्याने म्हटलं की त्यातलं 'व्हॉट्स गोइंग ऑन' हळूहळू वर येतं. 'फिना' म्हणजे 'फिक्सिंग टू', अमेरिकेच्या दक्षिण भागातलं 'करायच्या बेतात असणं'. 'मँडेम' लंडनच्या रॅपमध्ये सतत येतो. तो 'मॅन' अधिक 'डेम', आणि हा 'डेम' जमैकाच्या बोलीत नामाला चिकटून अनेकवचन करतो. म्हणजे 'आपली पोरं', 'आपली टोळी'. चमत्कारिक वाटणारे कितीतरी शब्द असे नुसत्या उच्चाराने झाकलेले असतात.

दुसरी पायरी: गाणं कुठलं आणि कधीचं

गायक कुठल्या शहरातला, गाणं कुठल्या सालचं, कुठल्या प्रकारातलं, हे आधी नोंदवा. 'चॉपर' म्हणजे बातम्यांत हेलिकॉप्टर, पण अमेरिकी रॅपमध्ये बहुधा एके-47 सारखी बंदूक. 'ट्रॅप' म्हणजे सापळा खरा, पण अटलांटाच्या रॅपमध्ये ज्या घरातून अमली पदार्थ विकले जातात ते घर. एका अख्ख्या संगीतप्रकाराचं नाव त्यावरून पडलं. तिथल्या ओळींत 'अडकल्याचा' जुना अर्थही मागे घुमत राहतो, म्हणून दोन्ही अर्थ मनात ठेवून ऐकावं. नायजेरियाच्या गाण्यातला 'वहाला' अमेरिकी शब्दसंग्रहात हुडकून उपयोग नाही. तो हौसा भाषेतून तिथल्या पिजिन, म्हणजे मिश्र, इंग्रजीत आलेला आहे आणि अर्थ आहे कटकट, लफडं.

सालही तितकंच मोलाचं. 1920 च्या दशकातल्या ब्लूज गाण्यांत 'रॉक' आणि 'रोल' या शब्दांत शरीरसंबंधाची सूचना असायची. 1950 च्या दशकात तोच जोडशब्द संगीतप्रकाराचं नाव होऊन घरोघरी पोहोचला. 'जॅझ' तर 1912-13 च्या सुमारास कॅलिफोर्नियात बेसबॉलच्या बातम्यांत दम, चैतन्य अशा अर्थाने आला आणि संगीताला चिकटला तो त्यानंतर. आजचा अर्थ कालच्या गाण्यावर लादला की ओळ वाकडी जाते.

तिसरी पायरी: शब्दाचे शेजारी पाहा

माझा सगळ्यात आवडता भाग हा. शब्द झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. रिकाम्या जागी नाम बसतंय, क्रियापद की विशेषण? नाम असेल तर त्याचं काय करतात: मोजतात, चालवतात, घालतात, त्याच्यापासून पळतात?

'कॉप' हा शब्द जवळून पाहू. समजा ओळीचा मतलब असा आहे: 'काल नवे बूट कॉप केले.' 'कॉप' म्हणजे पोलीस हे आपल्याला ठाऊक असतं, आणि त्या माहितीनेच आपण अडतो. पण इथे तो क्रियापदाच्या जागी आहे आणि कर्म आहे बूट. बुटांचं 'काल' काय केलं असेल? घेतले, मिळवले. आता दुसरी गाणी तपासा: घड्याळ कॉप करतात, गाडी कॉप करतात. तेव्हा 'मिळवणं, विकत घेणं' पक्कं. मौज अशी की पोलिसाचा 'कॉप'ही याच घरातला. 'कॉप' म्हणजे पकडणं, पकडणारा तो 'कॉपर', आणि त्याचं आखूड रूप 'कॉप'. 'कॉन्स्टेबल ऑन पट्रोल'ची आद्याक्षरं वगैरे जी गोष्ट फिरते ती नंतर रचलेली आहे. आद्याक्षरांतून जुना शब्द जन्मल्याची सुरस कथा दिसली की तिथेच सावध व्हा. 'पॉश' शब्दाची 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना जहाजाच्या डावीकडची खोली, येताना उजवीकडची) या आद्याक्षरांची कथाही अशीच पुराव्याशिवायची.

शेजारी पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बोलीतले शब्द सगळ्या विषयांवर सारखे वाटलेले नसतात. पैसा, पोलीस, नशा, बढाई, प्रेम, मारामारी, एवढ्या चारदोन विषयांभोवती ते पोळ्यासारखे लगडलेले असतात. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी 1976 मध्ये अशा भाषांना 'प्रतिभाषा' म्हटलं होतं: ज्या गोष्टींवर गटाचं जगणं अवलंबून असतं, त्यांना डझनावारी नावं. पैशाला रॅपमध्ये पाव म्हणतात, कणीक म्हणतात, चीज म्हणतात, चेडर म्हणतात, कोबीसुद्धा म्हणतात. म्हणून रात्रभर राबून कुणी 'चेडर मोजत' असेल, तर स्वयंपाकघरात डोकावू नका. एक शब्द कळला की त्याचं कुटुंब शोधा. पुढचा अनोळखी खाद्यपदार्थ आल्यावर तुम्ही कोश न उघडताच अंदाज बांधाल, आणि तो बहुधा बरोबर निघेल.

चौथी पायरी: शब्द कुठल्या साच्यातून निघाला?

नवा शब्द हवेतून पडत नाही. साचे थोडेच आहेत, आणि मराठी माणसाला ते अगदी घरचे आहेत.

पहिला साचा उलटापालटीचा. लहानपणी 'च'ची भाषा बोललात ना? 'तुला'चं 'चलातु', 'कविता'चं 'चविताक'. फ्रेंच रॅपमधलं 'वेर्लां' याच जातीचं. त्याचं नावच मुळी 'लांव्हेर', म्हणजे 'उलट', या शब्दाची उलटापालट आहे. 'फाम' म्हणजे बाई, तिचं होतं 'मफ'. 'फू' म्हणजे वेडा, त्याचं 'उफ'. 'आराब'चं 'बर' झालं, तो शब्द सगळ्यांना कळू लागला, म्हणून पोरांनी तो पुन्हा उलटवून 'रबू' केला. यातून एक व्यवहारी गोष्ट शिकावी: सगळ्यांना कळलेला शब्द गटाच्या कामाचा राहत नाही आणि नवा घडवला जातो. अर्जेंटिनाच्या टँगो गाण्यांतही हा खेळ आहे: 'टँगो'चं 'गोतान', 'काफे'चं 'फेका'. तिथल्या बोलीला लुन्फार्दो म्हणतात आणि तिच्यात इटालियन स्थलांतरितांचे शब्द भरलेले आहेत. काम या अर्थाचा 'लाबुरो' हा इटालियन 'लाव्होरो'. 1943 नंतर तिथल्या लष्करी राजवटीने रेडिओवरच्या लुन्फार्दोवर बंधनं आणली आणि टँगोंचे शब्द बदलून गायले गेले. म्हणून जुना टँगो ऐकताना ध्वनिमुद्रण कुठल्या सालचं हे आधी बघा.

दुसरा साचा अर्थ उलटवण्याचा. 'बॅड' म्हणजे झकास, 'सिक' म्हणजे भन्नाट. आपण 'भयंकर सुंदर' म्हणतो, 'खतरनाक गायलास' म्हणून पाठ थोपटतो. मराठी कोशात 'नाद' म्हणजे ध्वनी आणि छंद, पण 'नाद खुळा' ही दाद आहे हे त्या दोन अर्थांची बेरीज करून कळत नाही. पंजाबी गाण्यांतला 'अत्त' तसाच: मूळ अर्थ अतिरेक, गाण्यात तो कौतुकाचा कळस. अशा शब्दात निर्णय सुरावर होतो. गायक हसतोय की दात ओठ खातोय ते ऐका.

तिसरा साचा रूपकाचा. पंजाबी गाण्यात मुलीला 'पटोला' म्हणतात तेव्हा रेशमी कापड डोळ्यांसमोर आणा, देखणेपणाचा धागा लगेच जुळतो. मात्र रूपक समजलं म्हणून शब्दाची पत समजली असं नाही. माणसाला वस्तूचं नाव देण्यात कौतुक किती आणि मालकी किती, हे त्या-त्या गाण्यातल्या बाकीच्या ओळींवरून तोलावं लागतं.

चौथा साचा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात शब्द जाणूनबुजून दुरुस्त केलेला असतो. जमैकाचे रास्ताफारी पंथाचे लोक 'ऑप्रेशन' म्हणजे जुलूम या शब्दाला 'डाउनप्रेशन' म्हणतात. 'ऑप'मध्ये त्यांना 'अप', म्हणजे 'वर', ऐकू येतं, आणि जुलूम तर माणसाला खाली दाबतो. 'मी' आणि 'आम्ही' दोन्हींसाठी 'आय अँड आय', कारण बोलणारा, ऐकणारा आणि ईश्वर यांत त्यांना अंतर ठेवायचं नाही. 'बॅबिलॉन' म्हणजे दडपणारी सगळी व्यवस्था, आणि रोजच्या बोलण्यात पोलीससुद्धा. जमैकाचं रेगे संगीत ऐकताना असा शब्द चुकीचा समजून सोडून दिला, तर गाण्याचा गाभाच हातातून निसटतो.

पाचवी पायरी: व्याकरणाला शब्द समजू नका

कधी कधी शब्द सगळे ओळखीचे असतात आणि वाक्य तरीही अडतं. आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीत 'शी बी वर्किंग' आणि 'शी वर्किंग' ही दोन वाक्यं सर्रास येतात. शाळेतलं इंग्रजी दोन्हींवर लाल रेघ मारेल, पण त्यांच्यात काटेकोर फरक आहे. पहिलं म्हणजे 'ती काम करत असते', दुसरं म्हणजे 'ती काम करतेय'. मराठीत हा भेद आपण सहज करतो, म्हणून भाषांतर करताना मराठी इथे शालेय इंग्रजीहून अधिक नेमकी उतरते. जोर देऊन म्हटलेलं 'बिन' म्हणजे 'केव्हाचंच': 'आय बिन न्यू', मला केव्हापासूनच माहीत होतं. ही चूक नाही, नियम आहे. तो नियम चूक म्हणून 'दुरुस्त' केला की अर्थच बदलतो.

सहावी पायरी: साधनं, आणि कुणावर किती भरवसा

जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश 2010 मध्ये तीन खंडांत आला आणि आता ऑनलाइन उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उताऱ्यांची रांग असते. अर्थाआधी ती रांग वाचा. जमैकाच्या बोलीसाठी कॅसिडी आणि ले पेज यांचा 1967 चा कोश आजही आधार आहे.

अर्बन डिक्शनरी हा ऑनलाइन कोश 1999 पासून चालू आहे आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. ती टाकाऊ नाही, पण साक्षीदार म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नव्हे. नोंदीची तारीख पाहा, गाण्यानंतरची असेल तर लिहिणाऱ्याने गाण्यावरूनच अंदाज बांधलेला असू शकतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या पाचसहा नोंदींत जो समान भाग दिसेल तेवढाच घ्या. 2009 मध्ये रॅपच्या ओळींचा अर्थ लावण्यासाठी सुरू झालेल्या जीनियस या संकेतस्थळावर ओळीओळीला टिपा असतात. गायकाने स्वतः लिहिलेली टीप आणि चाहत्याची टीप यांत फरक करा.

नुसता शब्द शोधू नका, त्याच्या पुढचेमागचे दोनतीन शब्द घेऊन अवतरणचिन्हांत शोधा. शोधाला सालाची मर्यादा घाला. गायकाच्या मुलाखती ऐका, तिथे तोच शब्द संथपणे, संदर्भासकट येतो. यंत्राकडून भाषांतर घेतलंत तर त्याला तुमचा अंदाज आधी सांगू नका, नाहीतर ते तुमचीच री ओढेल.

सातवी पायरी: माणसांना विचारा, पण नीट

'याचा अर्थ काय?' असं विचारलं की माणूस एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. त्याऐवजी विचारा: हा शब्द तू कुणाला म्हणशील? आईसमोर म्हणशील? तुझा मोठा भाऊ म्हणतो का, की त्याच्या वेळी दुसरा शब्द होता? परक्याने तुला असं म्हटलं तर राग येईल का? या चार उत्तरांतून अर्थाबरोबर शब्दाचं वय, वजन आणि धार कळते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. समजणं आणि वापरणं वेगळं. काही शब्द एखाद्या समाजाने त्याच्यावर फेकलेल्या शिवीतून परत मिळवलेले असतात. ते त्यांच्या तोंडी आपुलकीचे आणि बाहेरच्याच्या तोंडी जखमेवर मीठ. काळ्या अमेरिकी रॅपमध्ये सतत ऐकू येणारा एक शब्द असाच आहे. गाणं पाठ झालं तरी तो आपल्या तोंडी घेऊ नये.

आठवी पायरी: अंदाज तपासा आणि लिहून ठेवा

अर्थ सापडला असं वाटलं की तो वेगवेगळ्या गायकांच्या निदान तीन ओळींत घालून बघा. तिन्हीत बसला तर ठीक. एकीत अडखळला तर एकतर शब्दाला दुसरा अर्थ आहे किंवा तुमचा अंदाज अर्धाच आहे. मग मराठी प्रतिशब्द शोधताना अर्थाइतकाच सूर सांभाळा. 'मँडेम'ला 'मित्रपरिवार' म्हटलं तर अर्थ जवळपास बरोबर, पण गाणं मेलं. 'आपली पोरं' म्हटलं की जिवंत राहतं.

वहीत नोंद करताना तारीख घालाच, कारण असे शब्द लवकर वयात येतात आणि लवकर म्हातारे होतात. जो शब्द सुटला नाही त्याच्यासाठी पान कोरं सोडा. चारसहा महिन्यांनी दुसऱ्याच गाण्यात तो अचानक ओळखीच्या शेजाऱ्यांबरोबर भेटतो. माझ्या वहीतली 'वाइन'ची नोंद आता अशी आहे:

'वाइन. क्रियापद. ऐकू येतं: वाइन. मूळ: वाइंड, शेवटचा ड गळून. कुठे: कॅरिबियन, सोका, डान्सहॉल. कोण कुणाला: नाचणारे एकमेकांना, गायक प्रेक्षकांना. एकट्याने आणि जोडीने, दोन्ही. सूर: आर्जव, कधी आव्हान. मराठी: कंबर घोळव. 'नाच' म्हणू नये, फार सपाट. आधीचा अंदाज: दारू. खोडला.'